मेणातले दात

४ नोव्हेंबर

बारक्या,

खूप आशीर्वाद, आणि सोबत माझा जबडा.

खोका उघडताना दचकू नकोस. माझ्या वरच्या हिरडीचं माप घेऊन इथल्या दातांच्या डॉक्टरने केलेला प्लॅस्टरचा साचा आहे. वरचे शेवटचे दात निघाले त्याला बरेच आठवडे झाले, हिरडी भरून आली. आता कवळी बसवायला हरकत नाही म्हणतो. त्याच्या ओळखीचा कवळ्या करणारा आहे, पण मी म्हटलं, माझा सख्खा धाकटा भाऊ आयुष्यभर लोकांना दात करून देतोय, मी दुसऱ्याकडे कशाला जाऊ? डॉक्टरच्या तोंडावर थोडी ऐटच केली म्हण ना.

फोन करू नकोस. दातांशिवाय मी फोनवर काय बोलते ते समोरच्याला कळत नाही. परवा गॅसवाल्याला पत्ता सांगितला, तो माझं सांत्वन करायला लागला. म्हणून कवळी येईपर्यंत पत्रंच लिहीन.

घाईचं कारण एकच. वाचनालयात अंध लोकांसाठी मी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते, हे तुला माहीत आहे. ती पुलाची जाडजूड कादंबरी शेवटच्या प्रकरणापर्यंत आली होती आणि तेवढ्यात दातांनी दगा दिला. तेवढं एक प्रकरण राहिलंय.

तुझी ताई

१९ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. जबडा सुखरूप पोचला. हिने खोका उघडला आणि म्हणाली, "अगदी ताईच." तेवढ्यावरून तिला काय ओळखू आलं ते विचारू नकोस.

साचा उत्तम आहे. तुझ्या डॉक्टरचा हात चांगला आहे. काम माझ्यासाठी दोन दुपारींचं. आधी दात मेणात बसवायचे, ते तुझ्या तोंडात घालून पाहायचे, काही बिघडलं असेल तर मेण कोमट करून सरकवायचे. सगळं जमलं की मेण उकळून काढायचं आणि त्या जागी पक्कं प्लॅस्टिक भरायचं. हातातली दोन कामं संपली की तुझंच घेतो. पुढच्या आठवड्यात धर.

बारक्या

११ डिसेंबर

बारक्या,

पुढचा आठवडा येऊन गेला. मी काही तगादा लावत नाही. माझ्या दातांमुळे तुझ्या गिऱ्हाइकांची कामं अडायला नकोत.

जेवणाचं चाललंय. सूप, केळं, कुस्करलेला बटाटा, दुधात बुडवलेलं बिस्किट. शेजारीण म्हणते, गाल बसलेत. मी म्हटलं, बसू देत, आयुष्यभर उभेच होते.

वाचनालयाच्या बाई मात्र विचारत असतात. त्यांना मी दर वेळी सांगते की कवळी यायचीय. त्यांच्याकडे एक म्हातारे श्रोते आहेत, पूर्वी नकाशे काढायच्या कचेरीत होते. दृष्टी गेली तसे पुस्तकं ऐकायला लागले. आम्ही त्यांना नकाशेवाले म्हणतो. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, त्यांनीही माझा फक्त आवाज ऐकलाय. कादंबरीतला इंजिनीअर स्वतः बांधलेल्या पुलावर पाऊल ठेवतो की नाही, हे शेवटच्या प्रकरणात कळतं, आणि नकाशेवाले सुनेला पाठवून विचारतात, वाचणाऱ्या बाईंना बरं नाही का? दुसऱ्या कुणाच्या आवाजात शेवट ऐकायचा नाही म्हणतात.

तरी तू घाई करू नकोस. सवडीने कर.

ताई

५ जानेवारी

ताई,

उशीर झाला खरा. मेण वितळवायची शेगडी बिघडली होती. ती दुरुस्त झाली तर दातांच्या रंगाचं अडलं. तुझ्या वयाला शोभेल असा रंग हवा, फार पांढरे दात घातले तर उसने आणल्यासारखे वाटतात. मागवलेत, येतील.

शिवाय मेणातली कवळी तोंडात घालून बघायला तुला इथे यावं लागेल, म्हणजे उगाच तयार करून ठेवण्यात अर्थ नाही. तू कधी येतेस ते कळव. तुझ्या सोयीने ये, गडबड नाही. मीही सध्या कामात बुडालोय.

बारक्या

२२ जानेवारी

बारक्या,

एवढ्यात येणं कठीण दिसतं. गुडघा कुरकुर करतोय, आणि थंडीत प्रवास नको वाटतो. उन्हं वाढली की बघू.

नकाशेवाल्यांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलंय. पुढच्या महिन्याच्या सोळाला दवाखान्यात दाखल व्हायचंय. वाचनालयाच्या बाईंनी मुद्दाम घरी येऊन सांगितलं. मी तोंडापुढे रुमाल धरून ऐकलं आणि मान हलवली.

एक विचारते, रागावू नकोस. तुझं प्रत्येक पत्र मी दोनदा वाचलं. शेगडी, रंग, माझं येणं, प्रत्येक वेळी नवं कारण. तू कामचुकार कधीच नव्हतास, लहानपणी चपलांचे बंदसुद्धा वेळेवर शिवून ठेवायचास. मग माझ्या मनात आलं, बाबांचे हात शेवटी थरथरायला लागले होते, तसे तुझे लागलेत का? तसं असेल तर सरळ सांग. मी दात दुसऱ्याकडून करून घेईन आणि कुणाला काही बोलणार नाही. नुसती तुझी काळजी वाटते.

ताई

२९ जानेवारी

ताई,

हात ठणठणीत आहेत. तुझं पत्र हिच्या हाती आधी लागलं. वाचून तिने तुझा साचा माझ्या टेबलावरून उचलला आणि जेवणाच्या टेबलावर, पाण्याच्या तांब्याशेजारी आणून ठेवला. तेव्हापासून तू सकाळ-संध्याकाळ आमच्याबरोबर जेवायला बसतेस. काल पाहुणे आले होते, त्यांच्यासमोरही तिने तो हलवला नाही. पाहुण्यांनी चहा अर्धवट टाकला.

तर आता खरं ते सांगतो. शेगडी कधीच बिघडली नव्हती. दात मी नोव्हेंबरातच मेणात बसवले होते. बसवले, पाहिले, काढले. पुन्हा बसवले, पुन्हा काढले. दिवसभर परक्या माणसांच्या कवळ्या पटापट हातावेगळ्या करायच्या, आणि तुझी पुढे ओढली की उद्या सकाळी डोकं ताजं असताना करू म्हणायचं. सकाळी दुसरं काही तरी तातडीचं निघायचंच. नाही निघालं तर मी काढायचो. एकदा तर सगळ्या हत्यारांना तेल दिलं.

अडलं कुठे, तर पुढच्या दोन दातांमधल्या फटीवर. तुझ्या तोंडात ती जन्मापासून होती. 'स' म्हटला की बारीक शीळ यायची, म्हणून मी तुला शिट्टी म्हणायचो आणि तू हसताना तोंडावर हात धरायचीस. फट बुजवली की दात सुरेख दिसतात, पण ते तोंड कुणा परक्या बाईचं होतं. फट ठेवली की वाटतं, आयुष्यभर तू जे झाकलंस तेच मी पुन्हा तुझ्या तोंडात घालतोय. तुला विचारावं, तर एवढे दिवस काय केलंस ते सांगावं लागलं असतं.

परक्याच्या तोंडात आधी काय होतं ते मला ठाऊक नसतं, म्हणून मी बिनधास्त असतो. तुझ्या बाबतीत ठाऊक आहे. कवळी मेणात आहे तोवर ती सुधारता येते. प्लॅस्टिकमध्ये गेली की मी केली तशीच राहणार. न केलेलं काम कधी चुकत नाही, ताई, एवढाच त्याचा फायदा. आणि तूही दर पत्रात "सवडीने कर" लिहीत होतीस. मला ते फार बरं वाटायचं.

आता सांग, फट ठेवू की बुजवू?

बारक्या

३ फेब्रुवारी

बारक्या,

पत्र वाचून आधी हसले, मग रागावले, पण राग टिकला नाही. का ते सांगते.

तुझ्या चालढकलीचा मला राग यायला हवा होता, पण इतके दिवस आला नाही. उलट पोस्टमन रिकाम्या हाताने गेला की हायसं वाटायचं. माझा गुडघा मजेत आहे. रोज बाजारात चालत जाते.

डिसेंबरात मी एकदा वाचनालयात गेले होते. म्हटलं, दातांवाचून एखादं पान वाचता येतं का बघू. मुद्रण लावून ऐकलं तर त्यातून आईचा शेवटच्या दिवसांतला आवाज आला. तेव्हा तिचं बोलणं आपल्याला कळायचं नाही आणि आपण उगाच हो म्हणायचो, आठवतं? मी यंत्र बंद केलं आणि घरी आले. तेव्हापासून भीती बसली की कवळी घालूनही आवाज तसाच आला तर? कवळी आलेली नाही तोवर सगळा दोष दातांचा होता. वाचनालयाला मी तुझं नाव सांगत होते, आणि तू मला माझं. दोघांचं मजेत चाललं होतं. मध्ये नकाशेवाले मात्र ताटकळत बसले.

मार्चअखेरपर्यंत मी वाचलं नाही तर ते पुस्तक रेडिओवर काम केलेल्या एका मुलीला पहिल्यापासून वाचायला देणार आहेत. त्याचं मला एवढं दुःख नाही. पण नकाशेवाले सोळा तारखेला दवाखान्यात जातील, आणि शेवट न ऐकता गेले तर मला ते सहन होणार नाही.

फट बुजव. आयुष्यभर हाताने झाकली, आता हात मोकळा होऊ दे. पण ऑपरेशनच्या आधी पक्की कवळी होणार कशी, ते मला कळत नाही. इथल्या डॉक्टरला दाखवून परत तुझ्याकडे पाठवण्यात दिवस जातील.

ताई

९ फेब्रुवारी

ताई,

पक्की होणार नाही. म्हणून कच्चीच पाठवतोय.

पत्र आलं तेव्हा जेवत होतो. म्हटलं, अख्खी कवळी करायची नाही, फक्त पुढचे दोन दात बसवायचे, बाकीचं उद्या. तिथेच जेवणाच्या टेबलावर मेणाची सुरी तापवली. दोन बसल्यावर तिसरा न बसवता उठणं मूर्खपणाचं वाटलं. हिने ताटं उचलली आणि दिवा जवळ सरकवला. उठलो तेव्हा सगळे बसले होते. अजून माझ्या मनासारखे नाहीत. ते बघायच्या आत मी खोक्यात घातले आणि हिच्याकडे दिले. हे पत्र आत पडलं की ती थेट पोस्टात जाईल.

आता नीट वाच. ही मेणातली कवळी फक्त घालून बघायची असते. तिने चावायचं नाही. चहा नाही, गरम काहीही नाही, नाहीतर दात चहात सापडतील. थोडा वेळ घालायची आणि काढून थंड पाण्यात ठेवायची. डॉक्टरकडून चिकटवायची पूड घे. आरशात बघ, दोन वाक्यं बोल, कुठे बिघडलंय ते मला कळव.

कारखान्यातून अशी कच्ची कवळी कुणी गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही. मीही दिली नव्हती.

बारक्या

१५ फेब्रुवारी

बारक्या,

दोन वाक्यांऐवजी एक अख्खं प्रकरण वाचलं. क्रमाने सांगते.

कवळी काल आली. घातली, आरशात बघितलं. दात फार सुरेख आहेत. कुण्या डॉक्टरीणबाईचे शोभतील. आवाजही स्पष्ट, आईचा अजिबात नाही. वाचनालयात गेले तर ध्वनिमुद्रणाची खोली बंद, आतलं यंत्र दुरुस्तीला गेलेलं. सोमवारी या म्हणाले. सोमवार म्हणजे सोळा. खरं सांगते, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. काउंटरपासून दारापर्यंत आले आणि तिथेच स्वतःची लाज वाटली. परत फिरले, नकाशेवाल्यांचा पत्ता मागून घेतला आणि आज दुपारी पुस्तक घेऊन त्यांच्या घरी गेले.

तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. सुनेने दार उघडलं. म्हातारे खिडकीशी खुर्चीत बसले होते, पायाशी दवाखान्याची पिशवी भरून तयार. मी नमस्कार केला, कोण ते सांगितलं. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "तुम्ही त्या नव्हेत. वाचनालयाने दुसऱ्या कुणाला पाठवलं असेल, तुमचा दोष नाही."

ज्याला भीत होते ते असं समोर आलं. आवाज आईचाही नव्हता आणि माझाही नव्हता. मी खुर्चीच्या काठावर बसून राहिले. ते पुढे म्हणाले की तसंही शेवट आज नकोच, ऑपरेशनहून आल्यावर ऐकीन, काहीतरी शिल्लक ठेवून गेलं की माणूस परत येतो. सून माझ्याकडे बघून मान हलवत होती, जा म्हणून की थांबा म्हणून, ते कळेना.

जायला किती सोपं होतं. त्यांनाही नको होतं, मलाही सबब मिळाली होती. पण हे बोलणं मी ओळखलं. गेले चार महिने आपण दोघं एकमेकांना हेच लिहीत होतो.

मी म्हटलं, "माझे दात मेणाचे आहेत. तुम्ही याल तोवर टिकायचे नाहीत. वाचायचं तर आजच."

त्यांना आधी ते खोटं वाटलं. मग मी तुझी, शेगडीची आणि जेवणाच्या टेबलावरच्या जबड्याची सगळी हकिकत सांगितली. म्हातारे पोट धरून हसले. हसून झाल्यावर म्हणाले, वाचा.

वाचायला लागले. ते शिष्टाचार म्हणून ऐकत होते, हात मांडीवर, चेहरा कोरा. सून मधून मधून थंड पाणी देत होती. बऱ्याच पानांनंतर तोंडातल्या उबेने तुझं मेण मऊ पडायला लागलं. पुढचे दोन दात हळूहळू एकमेकांपासून सरकले. जिभेला ती फट लागली, जुनी ओळखीची. इंजिनीअर पहाटे पुलाच्या तोंडाशी येतो, सोसाट्याचा वारा सुटलेला असतो. 'सोसाट्याचा' म्हटलं आणि शीळ आली.

म्हातारे ताठ बसले. म्हणाले, "आता आलात."

मला पुढची ओळ दिसेना. डोळे पुसले आणि वाचत राहिले. दात आणखी ढिले पडले तेव्हा अंगठ्याने वर दाबून धरले आणि तसंच शेवटपर्यंत नेलं. संपल्यावर त्यांनी पाठ खुर्चीला टेकली. मग म्हणाले, मला वाटलं होतं त्याहून बरा शेवट आहे. सुनेने चहा विचारला. मला नाही म्हणावं लागलं.

कवळीची दुर्दशा झालीय. तशीच परत पाठवतेय, काही नीट करू नकोस. ती फट जेवढी पडलीय तेवढीच ठेव. मी बुजव म्हणाले होते तेव्हा मला हे कळत नव्हतं.

ताई

२५ फेब्रुवारी

ताई,

कवळी पोचली. माझ्या उभ्या आयुष्यात इतकं वाकडं काम माझ्या टेबलावर आलं नव्हतं. बाकीचे दात सरळ केले, फटीला हात लावला नाही.

मेण उकळायला ठेवलं तेव्हा पुन्हा वाटलं, उद्या दिवसाउजेडी एकदा बघू. हिला हाक मारली आणि म्हटलं, इथे उभी राहा. काही बोलू नकोस, नुसती उभी राहा. ती उभी राहिली, मी मेण ओतून टाकलं. मग मागे फिरायला जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशी साचा फोडून कवळी बाहेर काढली, घासली, चमकावली. उजवीकडचा सुळा किंचित लांब वाटतो मला. वाटू दे.

सोबत पाठवली आहे. या कवळीला चहा चालतो.

जेवणाचं टेबल आता रिकामं वाटतं, असं ही म्हणते. नकाशेवाल्यांचं कळव.

तुझा बारक्या

६ मार्च

बारक्या,

दात आले. बसले. शीळ येते.

नकाशेवाले गेले. दाखल झाल्यावर तपासण्यांत आठवडा गेला, मग ऑपरेशन झालं, त्यातून ते उठले नाहीत. आज सकाळी त्यांची सून वाचनालयात पुस्तकं परत द्यायला आली होती, तिने सांगितलं. मी तिथेच बाकावर बसून रडले. नव्या दातांनी पहिलं काम तेच केलं.

जाताना ती थांबली. म्हणाली, दवाखान्यात बाबांच्या शेजारच्या खाटेवर एक बसचालक आहे, पायात सळई घातलेला. त्या आठवडाभरात बाबांनी त्याला पुलाची सगळी गोष्ट सांगितली, पहिल्यापासून, रोज थोडी थोडी. रंगवून सांगायचे, नर्सपण थांबून ऐकायच्या. ऑपरेशनला न्यायला आले तेव्हा इंजिनीअर पुलाच्या तोंडाशी पोचला होता. बसचालक म्हणाला, आजोबा, तेवढं सांगून जा. बाबा म्हणाले, "उरलेलं आल्यावर."

तो अजून तिथेच आहे. सुनेला दोनदा विचारलं त्याने, पुढे काय झालं. तिला नीट सांगता आलं नाही, ती त्या दिवशी पाणी देण्यात आणि माझ्या दातांकडे बघण्यात गुंतली होती.

उद्या सकाळी जाईन असं मी ठरवलं. घरी येऊन भांडी घासली, पुस्तकाला कव्हर घातलं, आणि मग म्हटलं, जायच्या आधी तुला सविस्तर पत्र लिहून टाकावं. इथवर लिहिल्यावर लक्षात आलं मी काय करतेय ते.

दवाखान्यात भेटायची वेळ चारची असते. आता निघाले तर पोचते. पत्र अर्धंच राहतंय, चालवून घे. डावीकडे किंचित टोचतंय, पण ते थांबू शकतं.

ताई